शाळेबाहेरची मुलं, बेंदराची माती आणि पावसाची फीत (सातारा)

उंबरठा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीच्या बाजूला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेचार. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. का, कसं आणि पुढं काय, यावर इथं आधीच मोठमोठे धागे होऊन गेलेत, त्यामुळं तो विषय कृपया इथं नको. (येणार हे माहीत आहे. तरी सांगून ठेवते.)

प्रश्न हाताने करायच्या गोष्टींचा आणि घराबाहेर काढायच्या वेळेचा आहे. पहिल्या वर्षी मी हौसेनं ऑनलाइन हस्तकलेचे संच मागवले, व्हिडिओ बघून महिन्यांचं वेळापत्रक केलं. डिसेंबरात कापसाचा बर्फाचा माणूस. ऑक्टोबरात लाल-पिवळ्या पानगळीचं तोरण. तोरण करताना मुलगी खिडकीतून यवतेश्वरच्या डोंगराकडं बघत म्हणाली, "आई, आपली पानं कुठं पडलीत?" डोंगर हिरवागार होता. आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चात. ते तोरण तिनं पुरं केलं नाही आणि मीही आग्रह केला नाही.

तेव्हापासून संच बंद. त्या महिन्यात दारात, रानात, स्वयंपाकघरात जे येईल त्याचंच काहीतरी करायचं. यातलं काय जमलं, काय फसलं ते लिहिते. तुम्ही भर घाला.

पावसाची फीत. ही आमची सगळ्यात जमलेली गोष्ट. दोन लिटरची सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा तिच्यातच उलटा बसवला. बूड वाकडंतिकडं असतं म्हणून तळाला खडे टाकले आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून तिथं शून्याची रेघ मारली. बाहेरून पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. अशाच दोन बाटल्या करून एक मेढ्याला (पश्चिमेला, घाटाकडं) माझ्या आईकडं दिली, दुसरी दहिवडीला (पूर्वेला, माणात) मुलांच्या आत्याकडं. रोज सकाळी आठ वाजता मुलगी तिघींचा हिशेब घेते (तिसरी मी). जितके मिलिमीटर पाऊस तितके मिलिमीटर कागदाची फीत कापायची आणि आदल्या दिवशीच्या फितीला खळीनं चिकटवायची. मेढ्याची निळी, साताऱ्याची हिरवी, दहिवडीची केशरी.

पहिल्या आठवड्यात सातारा मेढ्याच्या पुढं गेला. आईनं फोनवरच सांगितलं, "बाटली पागोळीखाली ठेवलीय काय गं?" ठेवली होती. उचलून गच्चीच्या मधोमध नेली आणि हिरवी फीत फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

ऑगस्टअखेर मेढ्याची फीत नवऱ्याच्या उंचीची झाली. साताऱ्याची मुलीच्या कमरेच्या वर, आणि दहिवडीची तिच्या गुडघ्यापर्यंतही नाही. दहिवडीहून लागोपाठ "शून्य" यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आत्याला बाटली नीट ठेवायला सांग ना." एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरची वर्षाची सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माण-खटावची पाचशेच्या आसपास, हे मी भूगोलात पाठ केलं होतं. महाबळेश्वरचं वर्ष भिंतीवर मावेना म्हणून बोळात खडूनं आखलं. धाकटा त्या रेघेवर झोपून स्वतःला मोजत होता. पाच-सव्वापाच वेळा झोपावं लागलं. मधे तो उठून पाणी पिऊन आला.

आता फसलेलं. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, मातीचे बैल घरीच करायचे ठरवले. कोरेगावकडच्या मैत्रिणीच्या शेतातली काळी माती आणली, भिजवली, आठ बैल केले. वशिंडं झकास जमली होती. उन्हात वाळत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर पाठी उभ्या चिरलेल्या, पाय गळून बाजूला. धाकटा रडून रडून लाल. मुलीला मात्र पाठीवरच्या भेगा ओळखीच्या वाटल्या. उन्हाळ्यात त्याच शेतात तिनं पाय अडकेल एवढ्या भेगा पाहिल्या होत्या. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आक्रसते, एवढं तिला त्या दिवशी न शिकवता कळलं. पण बैल गेले ते गेलेच, आयत्या वेळी बाजारातून आणून पूजा केली. यंदा काय करू? आषाढ आलाच.

दिवाळीचा किल्ला सातारकरांना काय सांगायचा. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, त्यामुळं दुसरा कुठला करायचा प्रश्नच नव्हता. विटा-दगडांचा उतार, त्यावर चिखलाच्या राबड्यात बुडवलेलं गोणपाट, वर अळीव. अळीव चार-पाच दिवसांत हिरवं होतं, त्यामुळं वसुबारसेच्या आधी पेरा. आमचं उशिरा पेरलं गेलं, भाऊबीजेला किल्ला हिरवा झाला. मुलीनं आगपेटीच्या काड्यांचा टॉवर करून किल्ल्यावर रोवला. आजोबा (सासरे) खवळले, महाराजांच्या किल्ल्यावर टॉवर? ती म्हणाली, आहे ना, मी रोज बघते. खिडकीतून बघा, आहेच. तीन दिवस दोघांचं बोलणं बंद.

पाऊस ते दिवाळी असं आमचं ठीक चालतं. जानेवारी ते मे मात्र कोरडा जातो. काय करता तुम्ही? आणि लहान मुलांना घेऊन जाण्यासारख्या जागाही सांगा. दोन तासांच्या वर गाडीत बसवत नाहीत दोघं.

---

कृष्णाकाठ

ताई, फितीची कल्पना उचलली आहे. कळावे.

मी सांगलीचा. जानेवारी ते मार्च आमच्याकडं हळदीचे दिवस. काढणी, शिजवणं, वाळवणं, ड्रममध्ये घोळून चकाकी आणणं, सगळं शेतावर बघायला मिळतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुलांना त्याचं काय? मुलांसाठी हे करा.

चमचाभर हळद पाव वाटी स्पिरिटमध्ये ढवळा (करोनातलं पातळ सॅनिटायझर उरलं असेल तर तेही चालतं). हे काम मोठ्यांनी करायचं आणि गॅसपासून लांब. गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पिवळं पाणी जाड ड्रॉइंगच्या कागदावर ब्रशनं फासा. कागद कपाटात, अंधारात वाळवा. मग त्यावर आवडीचं पान ठेवा, वर फोटोफ्रेमची काच, आणि दोन-तीन तास कडक उन्हात. उघडा राहिलेला भाग फिका पडतो, पानाखालचा पिवळा राहतो. शेवटी खाण्याच्या सोड्याचं पाणी वरून फिरवा, पिवळं पान तांबूस तपकिरी होऊन उठून दिसतं.

हळदीतला पिवळा रंग उजेडानं मरतो, म्हणून हे होतं. आईची पिढी हळदीची बरणी फडताळात का ठेवायची तेही त्यातच आलं. आणि सोड्यानं लाल का, तर सोड्या-चुन्यासारखं काही लागलं की हळद लाल होते. कुंकू असंच करतात. लाल झालेल्या कागदावर लिंबू पिळा, परत पिवळा. माझ्या पुतण्यानं या नादात एका दुपारी सात लिंबं संपवली.

छाप भिंतीवर लावू नका, उडून जातो. वहीत ठेवा.

अवांतर: हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. तिथं जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच गेली. अजून एखादं दाखवणारा माणूस भेटला तर मुलांना जरूर दाखवा. जमिनीत एवढं मोठं कोठार असतं हे त्यांना खरंच वाटत नाही.

---

शंकेखोर

सगळं छान आहे, पण मुलं शाळेत न घालता हे सगळं शनिवार-रविवारी करता येत नाही का? समवयस्क मुलांत मिसळणं, स्पर्धा, शिस्त यांचं काय? आणि दहावीचं काय?

---

उंबरठा

आलात. :)

शंकेखोर, तुमचा प्रश्न गैर नाही, पण या धाग्यावर नको. गल्लीतली अकरा मुलं रोज पाच वाजता आमच्या गच्चीवर असतात, एवढंच सांगते.

---

माहितगार_नाही

दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी बसता येतं, किंवा एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) आहे. आता बैलांकडं वळू या.

---

चाकफिरता

बैलांसाठी आलो. आमचं घर कुंभारकीचं. मी आता नोकरी करतो, पण वडील अजून गणपती आणि बैल करतात.

ताई, नुसती काळी माती कधीच घेऊ नका. तळ्याकाठची किंवा ओढ्याकाठची पोयट्याची माती घ्या, काळी असेल तर निम्म्याला निम्मी. आधी कोरडी करून कुटायची आणि चाळायची. खडा राहिला तर तिथंच चीर जाते. मग दोन दिवस भिजत ठेवायची. आमच्याकडं घोड्याची लीद मिसळतात. तिच्यातले बारीक तंतू माती धरून ठेवतात. लीद मिळाली नाही तर चाळलेली राख आणि थोडा कापूस बारीक तोडून मळा. नाक मुरडू नका, वाळलेल्या लिदीला वास नसतो.

सर्वात महत्त्वाचं, उन्हात वाळवायचं नाही. बाहेरचं वाळून आकसतं, आतलं ओलं फुगलेलंच राहतं, मग फाटणारच. घरात सावलीला, वर ओलसर फडकं, दोन दिवस. नंतर फडकं काढून अजून दोन दिवस. त्यानंतर हवं तर ऊन.

पाय वेगळे करून चिकटवलेत ना? तिथंच मोडले असणार. पाय अंगातूनच ओढून काढायचे. वेगळे करायचेच असतील तर आत खराट्याची काडी घाला आणि जोडावर मातीचं पातळ पाणी लावून बोटानं चोळा. शिंगं सगळ्यात शेवटी. रंग वाळल्यावरच. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल काढायची, वर बेगडाचे तुकडे.

मुलाला सांगा, आमच्या वडिलांचेही दहातले दोन फुटतात.

---

उंबरठा

चाकफिरता, तुमचा प्रतिसाद मुलीनं मोठ्यानं वाचला आणि "पाय अंगातूनच ओढून काढायचे" ही ओळ स्वतःच्या वहीत लिहून घेतली. उन्हात वाळवायचं नाही हे मला कुणी आधी का नाही सांगितलं! उद्यापासून लीद शोधमोहीम.

---

आबा_खटाव

उन्हाळ्यात काय करायचं इचारलंय. आमच्याकडं शाळवाची (म्हंजी रब्बी ज्वारीची) काढणी झाली की पोरं धाटाच्या गाड्या करायची. आता कुणी करत न्हाई, म्हणून लिहितो.

वाळलेलं धाट घ्या, हिरवं नको. त्याचं वरचं साल लांब लांब पट्ट्यांनी सोलून काढायचं. आत पांढरं भेंड असतं, हलकं, दाबलं की दबणारं. भेंडाचे तुकडे करायचे आणि सालाच्या काड्या त्यात टोचून जोडायचं. खिळा न्हाई, गोंद न्हाई. चार तुकड्यांची चौकट झाली की साटा. भेंडाच्या गोल चकत्या चाकं. आडवी काडी आस. पुढं लांब काडी धुरा. जू करायचं, बैलबी भेंडाचेच. म्होरं चष्मा करायचा, आमच्या चुलत्यावानी, दोन गोल आणि मधी काडी.

एक ध्यानात ठेवा. सालाची धार ब्लेडावानी असती. सोलायचं काम मोठ्यानं करायचं आणि सालाच्या काड्यांची टोकं घासून घ्यायची. लहानग्याला फक्त भेंड द्या. भेंड नखानं कापतं.

पोरं घेऊन या शाळू काढायच्या टायमाला. धाटं फुकट हायत.

---

जास्वंदी

आबा, डोळ्यांत पाणी आणलंत. आम्ही याला "धांड्याची गाडी" म्हणायचो. चाकाच्या चकत्या कापताना आजी विळीवर बसायची.

---

फलटणची_लेक

पतंग कुणी कसा लिहिला नाही? आमच्याकडं पतंग नागपंचमीला, संक्रांतीला नाही. श्रावणातला वारा आणि मधेच येणारी सर, निम्मे पतंग भिजून जातात, तरी तोच मजा. बांबूच्या कामट्या तासणं मोठ्यांनी, कागद-खळ मुलांनी. शेपूट जुन्या साडीची. नायलॉनचा मांजा अजिबात नको. त्याच्यावर बंदी आहे, आणि दर वर्षी पक्षी आणि माणसं जखमी होतात. साधा दोरा पुरतो. पतंग कापायचा नसतो, उडवायचा असतो. (आमच्या भावाला हे कधीच पटलं नाही.)

---

सड्यावरचा

ताई, तुम्ही यवतेश्वरच्या पायथ्याला राहता आणि कास विचारत नाही, नवल आहे.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यापासून शनिवार-रविवारी जाण्यात अर्थ नाही, फुलांपेक्षा डोकी जास्त. मधल्या वारी, सकाळी लवकर. तुम्हाला तर शाळेची सुट्टी बघायची नाही, त्याचा फायदा घ्या. बुकिंग करूनच जा.

मुलांना सगळं पठार दाखवायला जाऊ नका. एका जागी बसवा आणि भिंग हातात द्या. दगडाच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्याकाठी जांभळी बारीक फुलं दिसतील, सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण कीटकभक्षी. मुळाशी असलेल्या बारीक फुग्यांत कीटक अडकतात. दवबिंदू नावाची दुसरी असते, तिच्या पानावर चिकट थेंब. माझी भाची तिच्याजवळ अर्धा तास पालथी पडून होती, एक माशी अडकेपर्यंत. माशी अडकल्यावर तिला माशीची दया आली.

एकही फूल तोडायचं नाही आणि आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकायचा नाही. जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभर, एक पाऊल पडलं तरी कैक रोपं जातात. हस्तकला करायची असेल तर रंगांच्या दुकानातून रंगपट्टीचं कार्ड मागून न्या आणि फुलाशेजारी धरून रंग जुळवायला लावा. तेरडा कुठल्या पट्टीत बसतो यावर आमच्यात भांडण झालं होतं.

टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. ते वर्ष चुकवू नका, धाकटा पुढच्या वेळी मिसरूड फुटलेला असेल.

---

जास्वंदी

हादगा राहिला. हस्त नक्षत्र लागलं की, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी. पाटावर हत्ती मुलांनी काढायचा, तांदळाचे दाणे चिकटवून किंवा धान्याची रांगोळी भरून. फळाफुलांच्या माळा मुलांनीच ओवायच्या. रानातल्या कवंडळापासून मक्याच्या दाण्यांपर्यंत काहीही. खिरापत ओळखण्यात मुलं भाषा किती शिकतात ते बघा. डब्याच्या आवाजावरून कोरडी का ओली हे माझी लेक पाचव्या वर्षी सांगायची.

---

पुणेरी_पाहुणा

भोंडला म्हणा ना.

---

जास्वंदी

साताऱ्याच्या धाग्यावर हादगाच.

---

कृष्णाकाठ

+१ हादगा. सांगलीतही हादगाच.

---

सुगड

आमच्याकडं घटस्थापनेला एकाऐवजी दोन घट पेरतो. एक देवघरात, दुसरा गच्चीवर. दोन्हीत तीच माती, तेच धान्य. नवव्या दिवशी देवघरातले अंकुर उंच, पिवळे आणि लुळे. गच्चीवरचे बुटके, हिरवे, ताठ. मुलाला विचारलं, शहाणं कोण? तो म्हणाला, देवघरातलं, ते उजेड शोधत उंच झालं. मला यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

---

आबा_खटाव

हिवाळ्यात येरळवाडीच्या तलावावर या. पट्टकादंब पाखरं येतात, हिमालय ओलांडून. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. सकाळच्याला शेतात उतरत्यात आणि हरभऱ्याची वाट लावत्यात. आम्ही वरडतो, पर बघाया चांगली दिसत्यात. पोरांना सांगा गप बसायचं. हुरडाबी तवाच असतो, म्हणजे दोन्ही एका खेपेत.

---

मधली_सुट्टी

कृष्णाकाठ, हळदीचा छाप केला. काहीच उमटलं नाही. सगळा कागद एकसारखा फिका.

---

कृष्णाकाठ

रंग लावल्यावर वाळवला कुठं?

---

मधली_सुट्टी

गच्चीवर. लवकर वाळावा म्हणून.

---

कृष्णाकाठ

:) तिथंच छापून झाला तुमचा. अंधारात वाळवा.

---

उंबरठा

अपडेट देते, उशीर झाला.

लीद मिळाली. लग्नाच्या घोड्यांच्या तबेल्यातून, विनामूल्य आणि भरपूर हसण्यासकट. ओढ्याकाठची माती, दोन दिवस भिजत. यंदा नऊ बैल. पाय अंगातूनच काढले, त्यामुळं सगळे थोडे आखूड आणि जाडजूड झालेत, बैलापेक्षा म्हशीकडं झुकणारे. चार दिवस देवघराखालच्या सावलीत फडक्याखाली. धाकटा दर तासाला फडकं उचलून बघायचा, शेवटी त्यावर पाट ठेवला.

सात टिकले. एकाचं शिंग गेलं, एकाच्या पोटाला चीर आहे. त्याला धाकट्यानं झूल पुढं ओढून रंगवली, आता चीर दिसत नाही. आजोबांनी सगळ्यांना बेगड लावली. टॉवरचं भांडण मिटलं असावं, कारण यंदाच्या किल्ल्याला किती काड्या लागतील ते त्यांनीच आधी मोजून ठेवलंय.

आबा, धाटाचं मनावर घेतलंय. फेब्रुवारीत येतो चौघं.

आणि आज सकाळी दहिवडी ३ मिलिमीटर. अकरा शून्यांनंतर. केशरी तुकडा एवढा बारका आहे की चिकटवताना दोनदा हरवला.